बुधवारी या, रविवारी नको

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा बाबा गप्प झाले आणि आई म्हणाली, "तुला पटेल ते कर." ते गप्प होणं मनात घर करून बसलंय, म्हणून लिहायला घेतलं. गावातलं घर घ्यायचं नाही असं माझं मत होत आलं आहे. छोट्या शहरातलं, स्टेशनपासून आठ मिनिटांवरचं, दुसऱ्या मजल्यावरचं घर घ्यावं असं वाटतंय. पण तुमचा मनापासून होकार आल्याशिवाय मी सही करणार नाही.

गावातलं घर मलाही फार आवडलं होतं. बाबा, तुम्ही ओट्यावर बसलात, चपला काढून पाय मातीवर टेकवलेत आणि बराच वेळ बोललाच नाहीत. मग भिंतीला टेकवलेली कुदळ उचलून तिचा दांडा हलतोय का ते पाहिलंत. तेव्हाच मला कळलं की मनात तुम्ही अंगण खणायलाही घेतलं आहे. आई, तू विहिरीत वाकून पाहिलंस आणि पाण्यापर्यंत किती पायऱ्या आहेत ते मोजलंस. परतताना गाडीत तुम्ही दोघं जितकं बोललात तितकं गेल्या कित्येक महिन्यांत बोलला नव्हतात. हे सगळं मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहिणं जड जातंय.

पण तो रविवार होता. एजंट म्हणाला होता, "स्टेशन वीस मिनिटांवर." रविवारी ते खरंही ठरलं. मग मी कामाच्या दिवशी तीन वेळा एकटीच जाऊन आले आणि वहीत वेळा लिहून ठेवल्या. सोमवारची नोंद अशी आहे: सात पाचला घरासमोरून निघाले, पुलापाशी रांग लागली, गाडी लावायला जागा मिळेपर्यंत सात सेहेचाळीस, ऑफिसात पावणेनऊ. म्हणजे जाताना एक तास चाळीस मिनिटं. संध्याकाळी येताना एक तास पन्नास. शहरातल्या घरापासून तोच प्रवास जाताना एक तास पाच आणि येताना एक तास दहा मिनिटांचा झाला. फरक रोज सव्वा तासाचा. वर्षाला कामाचे २३० दिवस धरले तर साधारण २८७ तास होतात, म्हणजे जवळजवळ १२ अख्खे दिवसरात्र. हा आकडा मी तीनदा ताडून पाहिला.

बाबा, तुम्ही म्हणाल, सवय होते. तुम्हीही वर्षानुवर्षं अप-डाऊन केलंत आणि कधी तक्रार केली नाहीत. पण यावर मी थोडं वाचलं. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं की माणूस पायी चालत होता तेव्हाही आणि वाहनं आल्यावरही रोजच्या येण्याजाण्याला सरासरी तासभरच देत आला आहे. वाहनं वेगवान झाली तसा माणूस लवकर घरी पोचायला लागला नाही, तर आणखी लांब राहायला गेला. श्टुट्झर आणि फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली. लांबून कामाला येणाऱ्यांना त्या बदल्यात मोठं घर किंवा चांगला पगार मिळत असणार, तेव्हा एकूण हिशेब बरोबरीत सुटायला हवा. तो सुटत नाही. प्रवास जितका लांब, तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी, असं त्यांना आढळलं. हे वाचलं आणि मला तुमचा तेव्हाचा चेहरा आठवला. तुम्ही रात्री घरी आल्यावर पायमोजे काढून तसेच पाच-दहा मिनिटं हातात धरून बसायचात. तेव्हा मला वाटायचं, बाबा काहीतरी विचार करताहेत. तुम्ही नुसते दमलेले असायचात.

पण माझ्या तासांपेक्षा मला तुमच्या तासांची जास्त काळजी आहे.

आई, गेल्या वर्षी तुला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं तो दिवस आठव. मी सहाला येते म्हणाले होते आणि गाडी लेट झाली. आठला पोचले तेव्हा तू बाहेर जायच्या कपड्यांत, पर्स मांडीवर धरून, दाराजवळच्या खुर्चीत बसली होतीस. दवाखाना बंद झाला होता. "काही घाई नव्हती गं," एवढंच म्हणालीस आणि आत जाऊन कपडे बदललेस. किती वेळ बसली होतीस ते मी विचारलं नाही. नंतर बाबांकडून कळलं, साडेपाचपासून.

गावातल्या घरात असे दिवस आठवड्यातून दोन-तीन येतील. तिथे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. औषधं, बँक, वाचनालय, बाबांचं रक्त तपासणं, सगळं त्याच छोट्या शहरात, चौदा किलोमीटरवर. बाबा, मोतीबिंदूमुळे समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरून दिसतात, म्हणून अंधार पडल्यावर तुम्ही गाडी चालवत नाही. ऑपरेशननंतर बरं वाटेल, तरी आणखी दहा वर्षांनी काय? गावाची शेवटची बस पावणेआठला. म्हणजे तुमचं प्रत्येक काम माझ्या येण्यावर अडून राहणार. मी गाडीतून उतरेपर्यंत तुम्ही घड्याळ बघणार, आणि मी ते आठवून प्लॅटफॉर्मवर धावणार. शहरात तुम्ही मला न विचारता, न सांगता बाहेर पडाल. मला तेच हवं आहे. मी घरी आल्यावर तुम्ही घरात नसाल आणि मी तुमची वाट बघत बसेन, असं व्हावं.

आणखी एक गोष्ट, लिहायला नको वाटते, पण बाबांचा रक्तदाब बघता लिहायलाच हवी. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. त्यातच दवाखान्यात पोचणं आलं आणि स्कॅन करणंही आलं. कोणाच्या तरी लक्षात यायला, गाडी मिळायला, पूल ओलांडायला लागणारा वेळ मी मनात मोजून पाहिला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

घराची देखभाल हा त्यामानाने लहान मुद्दा. सेप्टिक टँक तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्यावी लागते, वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडे. ते निभावता येतं. लोक निभावतातच.

मधला मार्गही शोधला. शहराच्या कडेला, बायपासजवळ नव्या कॉलन्या होताहेत, त्यातल्या दोन पाहिल्या. इबेनेझर हॉवर्ड नावाच्या इंग्रज माणसाने १८९८ मध्ये तीन लोहचुंबकांचं चित्र छापलं होतं: एक शहर, एक खेडं आणि तिसरं दोन्हीचं चांगलं एकत्र आणणारं. मधे लोक, आणि प्रश्न असा की ते कुठे जातील? १९०३ मध्ये लेचवर्थला तसं गाव वसवायला सुरुवातही झाली. पण त्याच्या कल्पनेत काम, बाग, बाजार सगळं त्या गावातच होतं. मी पाहिलेल्या कॉलन्यांत नुसती घरं आहेत. पायी जाण्यासारखं काही नाही, आणि रस्त्याचा आवाज मात्र शहराहून जास्त.

आता शहरातल्या घराचं उणंही सांगते. रात्री अकरा वाजता मी तिथे खिडक्या उघडून बसले होते. गाडीचा भोंगा ऐकू येतो. मागच्या खोलीत कमी येतो, ती तुमची. आभाळ दिसतं ते दोन इमारतींच्या मधून, लांबट पट्टीसारखं. अंगण नाही. आणि बाबा, तुमचा "गावात माणूस माणसाला ओळखतो" हा मुद्दा मला खोडता आलेला नाही. सकाळी सातला जाऊन रात्री आठला येणारी मी तिथे परकीच राहिले असते, पण तुम्ही महिन्याभरात अख्ख्या गावाचे झाला असतात, हे मला माहीत आहे. हे सोडायला सांगताना मला खरंच वाईट वाटतंय. मी तुमच्याकडून काय मागते आहे ते मला कळतंय.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या आठवड्यात शहरातलं घर बघायला या, पण रविवारी नको, बुधवारी या. सकाळी माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चला, दिवसभर तिथे थांबा, वाचनालयात जाऊन या. संध्याकाळी मी तुम्हाला स्टेशनवरच भेटेन. बाबा, मोजायची टेप घेऊन या. गच्चीच्या कठड्यालगत कुंड्या ठेवायला हरकत नाही असं सोसायटीवाल्यांनी सांगितलंय. किती मावतील ते तुम्हीच मापून ठरवा.

आई, स्टेशनपासून घरापर्यंत तू चालतच ये. अर्ध्या वाटेवर एक चढ आहे. मला तो जाणवत नाही, पण तुझ्या गुडघ्याला जड जातो का ते बघायचंय. मला बरं वाटावं म्हणून "काही नाही गं" म्हणू नकोस. जड गेला तर ते घर सोडून देऊ आणि पुन्हा बघायला लागू.

तुमची मुलगी