‘हाऊ खेळ कोना शे?’ : धुळ्याच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या उन्हाळी जादूवर्गाची पुस्तिका गेल्या आठवड्यात छापून आली आणि तिची पहिली प्रत मी आपल्या पत्त्यावर पाठवली आहे. पुस्तिकेत ज्या पानावर आपले नाव असायला हवे त्या पानावर ते आहेच. मात्र चारचौघांत नाव घेऊ नका, असे आपण बजावल्यामुळे या जाहीर पत्रात मी आपल्याला नुसते ‘काका’ म्हणते आहे. पत्र जाहीर लिहिण्याचे कारण एवढेच की, आपण मला जे शिकवले ते मुलांना जादू शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडावे.

प्रस्तावना मिळेल या आशेने मी माझे हस्तलिखित घेऊन अमळनेरहून आपल्याकडे आले होते. त्यात १३ खेळ होते, आकृत्या होत्या, आणि प्रत्येक खेळाची युक्ती सविस्तर सांगितलेली होती. आपण वही ठेवून घेतली आणि पंधरा दिवसांनी परत दिली, तेव्हा समासात शिसपेन्सिलीने जवळजवळ प्रत्येक खेळापुढे अहिराणीत एकच प्रश्न लिहिलेला होता : ‘हाऊ खेळ कोना शे?’ म्हणजे, हा खेळ कोणाचा आहे? त्या क्षणी मला थोडे वाईट वाटले, हे मी मान्य करते. मी युक्त्यांची स्पष्टता तपासून घ्यायला आले होते आणि आपण मालकी विचारत होता.

पाचव्या खेळाचे उदाहरण मुद्दाम देते. प्रेक्षकाने पत्ते न पाहता नुसत्या अंदाजाने दोन रांगांत टाकायचे आणि शेवटी एका रांगेत सगळे लाल, दुसरीत सगळे काळे निघायचे, हा खेळ मी ‘लाल-काळे’ या नावाने, जणू काही तो आपोआप उगवला असावा तसा लिहिला होता. आपण मला समोर बसवून सांगितले की, हा खेळ पॉल करी या अमेरिकी हौशी जादूगाराने १९४२ साली रसिकांपुढे आणला आणि नंतरच्या कितीतरी जादूगारांनी त्यात आपापली भर घातली. मग आपण माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या : मूळ कल्पना कोणाची, ती प्रथम कुठे प्रसिद्ध झाली, मला कोणी शिकवली, आणि मी स्वतः त्यात काय बदलले. चौथ्या ओळीत मला ‘काही नाही’ असे लिहावे लागले. ते दोन शब्द लिहिताना मला जे जाणवले ते कोणत्याही व्याख्यानाने जाणवले नसते.

दोरीच्या खेळाबाबत तर आपण स्वतःलाही सूट दिली नाही. कापलेली दोरी पुन्हा अखंड करण्याची आपली पद्धत मी आपल्या नावावर लिहिली होती. आपण ते नाव खोडले आणि शेवटची गाठ सोडवण्याची लकब तेवढी आपली, बाकीचे सारे एस.टी.च्या नोकरीत असताना भेटलेल्या एका वृद्ध कलावंताचे, अशी दुरुस्ती केली. त्यांनी आपल्याकडून शब्द घेतला होता की, त्यांच्या हयातीत हे कागदावर येणार नाही. ते जाऊन बरीच वर्षे झाली, तरी त्यांच्या मुलाला विचारून होकार येईपर्यंत आपण मला ते पान छापू दिले नाही. पुस्तिका महिनाभर रखडली. आज मला त्या महिन्याचे मोल कळते.

कायद्याचा आधार मी तेव्हा आपल्यापुढे मांडला होता, त्यावर आपण होरेस गोल्डिन या जादूगाराची हकिकत सांगितली. बाई करवतीने कापण्याच्या खेळाचे पेटंट त्याने १९२३ साली अमेरिकेत मिळवले, पण पेटंट म्हणजे रचना कागदावर उघड करणे. पुढे १९३३ साली एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत तेच गुपित छापले आणि न्यायालयात त्याच्या हाती काहीच लागले नाही. आपल्या धंद्यात राखण असते ती दिलेल्या शब्दाची, असे आपण म्हणालात.

मी आपल्याकडे खरे तर एक ओझे घेऊनच आले होते आणि ते दुसऱ्या भेटीत आपल्यापुढे उतरवले. वर्गाच्या पहिल्याच दिवशी मुले खूश व्हावीत म्हणून मी वाट्या-गोळ्यांची युक्ती सरसकट सगळ्यांना उघड करून सांगितली होती. त्याच वर्षी दत्तजयंतीला मुलांना घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेत गेले. घोडेबाजारापासून थोड्या अंतरावर एक खेळकरी गोधडीवर तीन पितळी वाट्या मांडून बसला होता आणि त्याची बायको ताटली घेऊन उभी होती. खेळ रंगात आला असताना माझ्या वर्गातल्या ११ वर्षांच्या मुलाने गोळी कुठे आहे ते ओरडून सांगितले. लोक हसले आणि पांगले. तो माणूस काही बोलला नाही. त्याने वाट्या एकात एक घातल्या, गोळ्या फडक्यात बांधल्या आणि ताटलीत पडलेली नाणी मोजून कनवटीला लावली. मुलाचा त्यात दोष नव्हता. गुपित सांगताना ते कसे सांभाळायचे हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

त्यानंतर आपल्या सल्ल्याने मी वर्गाचा क्रमच बदलला. आता पहिले दोन आठवडे मुले फक्त हाताचा सराव आणि बोलणे शिकतात. एखादा खेळ आरशापुढे पन्नास वेळा करून दाखवल्याशिवाय पुढचा मिळत नाही, आणि ज्या खेळांवर रस्त्यावरच्या कलावंतांचे पोट आहे ते तीन खेळ पुस्तिकेतून मी काढून टाकले आहेत.

यावर एका मुलीने विचारले होते की, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तर गावोगावी चमत्कारांमागची युक्ती उघड करतात, मग आपणच का लपवायची? तिच्या प्रश्नाचे उत्तर आपण वर्गात येऊन दिलेत. ‘मी तुम्हाला गंमत म्हणून फसवतो आहे’ असे जो आधीच सांगतो त्याचे गुपित राखावे. अंगात दैवी शक्ती असल्याचे सांगून जो पैसे उकळतो त्याचे मात्र भर चौकात उघडे करावे. रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रजाने १५८४ साली, निरपराध माणसांना चेटूक केल्याच्या आरोपाखाली छळले जात असताना, हातचलाखीच्या युक्त्या छापल्या हे आपण सांगितले, आणि त्यातच दोन गोष्टींकडे लक्ष वेधले : ज्या फ्रेंच कलावंताचे कसब त्याने वाखाणले, त्या कॉटारेसचे नाव त्याने लिहून ठेवले, आणि या खेळांवर जगणाऱ्या गरिबांचे आपल्या हातून नुकसान होते आहे याचा खेदही त्याने त्याच जागी नोंदवला. सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला जे सुचले ते मला सारंगखेड्यात सुचले नव्हते. भोंदूंच्या युक्त्यांचे प्रकरण आम्ही पुस्तिकेत वेगळे ठेवले आहे आणि ते कोणीही, कुठेही, मोठ्याने वाचावे.

आपण इतके दिवस दिलेत, मानधनाचा विषय काढू दिला नाहीत, आणि माझ्या अज्ञानाची एकदाही इतरांसमोर वाच्यता केली नाहीत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

नवव्या खेळापुढची एक ओळ अजून रिकामी आहे. वाट्या हातात फिरवण्याची जी एक लकब मी मुलांना शिकवते, ती त्याच खेळकऱ्याच्या हातात मी पाहिली होती आणि त्याचे नाव विचारले नव्हते. गेल्या यात्रेत मी त्याला शोधले, तो भेटला नाही. येत्या दत्तजयंतीला पुन्हा जाणार आहे. पुस्तिकेची एक प्रत आणि आपली ती पेन्सिल सोबत नेईन.

आपली विद्यार्थिनी,
अमळनेर