ड्रमला आठ माइक नकोत, चार नीट लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की बडोद्यातल्या मंडळांचे वाद्यवृंद, आणि त्यांच्या पाठोपाठ नवरात्रातली गरबा पथके, आपापली गाणी रेकॉर्ड करून नेटवर टाकू लागतात. रावपुरा, दांडिया बाजार भागातली मुले हे काम घरच्या खोलीतच उरकतात. वाजवतात झकास. पण ऐकताना गायन ठीक, कीबोर्ड ठीक आणि ड्रमची मात्र पार वाट लागलेली असते. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी, स्नेअरला (खाली तारा असलेला छोटा ड्रम) अंग नाही, आणि झांजांचा चरचराट सगळ्यांवर पसरलेला. उपाय म्हणून पुढच्या खेपेस आठ माइकचा संच भाड्याने येतो, आणि आवाज आणखी बिघडतो.

तो का बिघडतो, हे या मुलांना कोणी सांगत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटर जायला त्याला एक मिलिसेकंद लागतो. स्नेअरवर पडलेली एकच काठी आठ माइकमध्ये आठ निरनिराळ्या वेळी पोहोचते. हे सगळे एकत्र मिसळले की काही स्वर वाढतात, काही एकमेकांना मारतात. दोन माइकच्या अंतरात ८५ सेंटिमीटरचा फरक असेल तर पहिला खड्डा, म्हणजे स्वर मरण्याची पहिली जागा, २०० हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि बहुतेक स्नेअरचे अंग नेमके तिथेच असते. ते एकदा गेले की इक्वलायझर कितीही फिरवा, परत येत नाही. प्रत्येक जादा माइक म्हणजे असा एक जादा घोटाळा. म्हणून छोट्या खोलीत चारच माइक लावावेत: किकला एक, स्नेअरला एक आणि सबंध ड्रमसंचासाठी दोन कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे, विजेवर चालणारे माइक).

सुरुवात या दोन कंडेन्सरपासून करावी. बहुतेक जण ते शेवटी, उरलेल्या स्टँडवर, जागा मिळेल तिथे टांगतात. खरे तर ड्रमचे सत्तर टक्के चित्र याच दोघांत असते, बाकीचे दोन फक्त भर घालतात. इंग्लिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आपल्या खोल्यांना फार सोयीची आहे. पहिला माइक स्नेअरच्या वर, साधारण एक मीटर उंचीवर, तोंड खाली. दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर पायांवर उभा ड्रम) बाहेरच्या बाजूला, टॉमच्या कडेपेक्षा वीतभर उंच, तोंड आडवे स्नेअर आणि हाय-हॅटकडे (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी). आता सुतळी घ्या. एकाने तिचे एक टोक स्नेअरच्या बरोबर मध्यावर बोटाने दाबून धरावे, दुसऱ्याने ती पहिल्या माइकच्या तोंडापर्यंत ताणून तिथे गाठ मारावी. मग मध्यावरचे टोक न हलवता तीच गाठ दुसऱ्या माइकच्या तोंडाशी आली पाहिजे. नाही आली तर स्टँड सरकवा, सुतळी नव्हे. त्यानंतर किकच्या पेडलपासूनही दोन्ही अंतरे ताडून पाहावीत. इथे दोन-तीन बोटांचा फरक चालून जातो, स्नेअरला चालत नाही. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि डोळ्यांच्या अंदाजाने ते होत नाही.

छत हा आपल्याकडचा मोठा शत्रू. नऊ-दहा फुटांच्या स्लॅबखाली माइक फार वर नेला तर छतावर आपटून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि झांजा कर्कश होतात. माइक छतापासून दोन फुटांवर असेल तर हा परतीचा आवाज साडेतीन मिलिसेकंद उशिरा येतो. माइक खाली घ्या, आणि संचाच्या वर छताला कापसाची गादी किंवा दोन जाड गोधड्या बांधा. खाली फरशीवर जाड सतरंजी हवीच, तिच्यामुळे किक पुढे सरकतही नाही. ड्रम भिंतीला चिकटवू नये, तसा खोलीच्या अगदी मध्यावरही ठेवू नये.

किकसाठी एकेजी डी ११२ किंवा शुअर बीटा ५२ सारखा खालचे स्वर झेलणारा डायनॅमिक (विजेशिवाय चालणारा) माइक हवा. पुढच्या चामड्याला चार-पाच इंची भोक असेल तर माइक त्यातून आत घालावा. बीटरच्या, म्हणजे पेडलच्या हातोडीच्या, जवळ नेला तर टक्क असा आघात वाढतो, मागे घेतला तर घुमारा वाढतो. एकेक इंच सरकवून दर वेळी ऐकावे. माइकचे तोंड बरोबर भोकाच्या ओठावर मात्र ठेवू नये, तिथून हवेचा झोत येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये फूत्कार उमटतो. आत एक छोटी उशी मागच्या चामड्याला जेमतेम टेकलेली पुरते. सबंध ड्रम चिंध्यांनी भरला की तो पुठ्ठ्याचा आवाज आलाच समजा.

स्नेअरला शुअर एसएम ५७ पुरेसा आहे, यावर फार वाद घालू नये. कडेपासून दोन बोटे वर, तिरका, तोंड चामड्याच्या मध्याकडे आणि शेपूट, म्हणजे केबलची बाजू, हाय-हॅटकडे. हा माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, त्यामुळे हाय-हॅट आपोआप बराच बाहेर राहतो. स्नेअरच्या खाली दुसरा माइक लावायचाच असेल तर त्याची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करावी, कारण काठी पडली की चामडे वरच्या माइकपासून दूर आणि खालच्या माइककडे जाते.

पोलॅरिटीवरून एक सावधानता. बाजारात हाताने सोल्डर केलेल्या एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबलमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिनांची अदलाबदल बऱ्याचदा सापडते. एकसारखे दोन माइक शेजारी धरून बोलावे. दोन्ही एकाच पातळीवर चालू केल्यावर आवाज वाढण्याऐवजी पोकळ झाला, की एक केबल उलटी आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सगळ्या केबली अशा तपासाव्यात.

फँटम पॉवर, म्हणजे केबलमधून माइकला जाणारी ४८ व्होल्टची वीज, फक्त कंडेन्सरना लागते. लेव्हल लावताना ड्रमरला सर्वांत जोराचा भाग वाजवायला लावावा आणि शिखर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवावे. २४ बिटवर रेकॉर्ड करत असताना त्याहून वर रेटण्याची गरज नसते, आणि एकदा फाटलेला आवाज शिवता येत नाही. व्हिडिओसाठी सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. टेक चालू असताना पंखा बंद. उकडते, पण इलाज नाही. पावसाळी दमट हवेत कंडेन्सर चरचरतात, म्हणून काम झाले की ते सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावेत.

आणि या सगळ्याच्या आधी ड्रम सुरात हवा. चामडी वर्षानुवर्षे बदललेली नसतात, स्क्रू एक ढिला तर एक आवळलेला. प्रत्येक स्क्रूपाशी, कडेपासून इंचभर आत, काठीने हलके वाजवून पाहावे आणि किल्ली पाव-पाव वेढा फिरवत सगळीकडे एकच स्वर आणावा. चार माइक भाड्याचे वाचले तर तो पैसा नव्या चामड्यांवर घालावा. फरक पहिल्याच टेकमध्ये कळतो.

सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेचा वारसा आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी चालवते. तिने नवरात्राच्या आधी हौशी वादकांसाठी दोन दिवसांचा असा वर्ग घ्यावा, आणि शहरातल्या मराठी संस्थांनी रिकाम्या दुपारी आपली सभागृहे रेकॉर्डिंगसाठी नाममात्र भाड्यात द्यावीत. तिथे छत उंच असते, पडदे असतात, आणि वर लिहिलेली गोधड्यांची निम्मी खटपट वाचते.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, रावपुरा, बडोदे