उपग्रह कंपनी विकण्याआधी बंदरावर येऊन विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यूस्पेस इंडिया या सरकारी उपग्रह कंपनीवरचा आपला कालचा अग्रलेख काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. राग गेला नाही म्हणून लिहायला बसले. उपग्रहांचा धंदा सरकारने करू नये, कंपनीचे शेअर बाजारात विकायला काढावेत आणि मोकळे व्हावे, असा आपला सल्ला. त्यासाठी आपण पुष्कळ माहिती दिलीत. जीसॅट-२४ या उपग्रहाची सगळीच्या सगळी क्षमता टाटा प्लेला भाड्याने दिली, वनवेब या परदेशी कंपनीचे ३६-३६ उपग्रह दोन खेपांत आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटने वर नेले, आणि ४७०० किलोचा जीसॅट-एन२ मात्र आपल्या रॉकेटला झेपणारा नव्हता म्हणून अमेरिकेतून फाल्कन-९ ने सोडावा लागला. सगळे बरोबर आहे. पण याच कंपनीकडे मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारे-घेणारे यंत्र, बसवण्याचे काम आहे, त्याबद्दल एक ओळ नाही! ३० ऑगस्ट २०२४ ला त्याचा देशभरचा शुभारंभ आपल्याच पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते झाला. १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश मिळून १ लाख बोटी, खर्च ३६४ कोटी. त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराचे भूमिपूजन होते, तेवढेच सगळ्यांच्या लक्षात राहिले.

आमचे घर बोटीवर चालते. नवरा आणि धाकटे दीर दोघेही दर्यावर असतात. म्हणून मला हा विषय नफ्या-तोट्याच्या रकान्यातून बघता येत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ आले तेव्हा आमच्या बोटी बंदरात होत्या. धोक्याचा बावटा लागला होता, नाखव्यांनी दोर दुपटीने बांधले होते. आणि त्या खवळलेल्या पाण्यातून केरळ-तामिळनाडूच्या बोटी एकामागून एक देवगडच्या आडोशाला येऊ लागल्या. साठाच्या वर बोटी, साडेनऊशेच्या आसपास माणसे. वादळ कन्याकुमारीजवळ उठले त्याच्या कितीतरी आधी ती घरून निघाली होती. आत खोल समुद्रात होती. किनाऱ्यावर इशारा दिला गेला तो त्यांच्यापर्यंत पोहोचायला काही साधनच नव्हते. मोबाइलची रेंज किनारा सुटला की संपते, आणि वायरलेस तेवढ्या लांब पोहोचत नाही.

आम्ही बायकांनी पेज केली, सुके कपडे गोळा करून नेले. ओठ मिठाने फुटलेले, हात दोर ओढून सोललेले. खाण्याआधी त्यांना फोन हवा होता. त्यांचे स्वतःचे फोन भिजून बंद पडलेले, आणि नंबर सगळे त्या फोनमध्ये. पाठ कोणाला असतात आता? एका विशी-बाविशीच्या पोराला घरातला एकही नंबर आठवेना. बराच वेळ डोके धरून बसला होता. शेवटी त्याला गावातल्या किराणा दुकानाचा नंबर आठवला, तो दुकानाच्या पाटीवर लिहिलेला होता म्हणे. हे आम्हाला कळले ते तिठ्यावरच्या टायरवाल्यामुळे. तो केरळचा, दुकान बंद करून दिवसभर बंदरावर दुभाष्याचे काम करत होता. माझ्याच फोनवरून लावला नंबर. दुकानदाराने आधी विश्वासच ठेवला नाही. मग पलीकडून जो आरडाओरडा सुरू झाला त्यातले मला एक अक्षर कळत नव्हते, पण कळायचे ते कळले. त्या घराने मुलाची आशा सोडली होती. ओखीने दक्षिणेतली अशी कितीतरी घरे खरोखरच उजाड केली, त्यांना असा फोन कधी आलाच नाही.

आता आपल्या अग्रलेखातला देवास या खासगी कंपनीवरचा परिच्छेद घेते, कारण तो वाचूनच मला पत्र लिहावेसे वाटले. इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स, तिने जानेवारी २००५ मध्ये देवासशी करार केला, फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने तो मोडला, २०१५ मध्ये लवादाने ५६ कोटी २५ लाख डॉलर भरपाई आणि वर व्याज असा निवाडा दिला. म्हणून सरकारी कंपनीने व्यापारात पडू नये, असे आपले म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०२२ ला देवासची स्थापनाच फसवणुकीसाठी झाल्याचे मान्य करून ती गुंडाळण्याचा आदेश कायम केला, हेही त्याच परिच्छेदात यायला हवे होते. ते राहू दे. त्या करारात काय होते ते बघा. दोन उपग्रहांची एस-बँड या रेडिओलहरींच्या पट्ट्यातली ९० टक्के क्षमता एका खासगी कंपनीला, मोबाइलवर चित्रवाणी आणि तत्सम सेवा देण्यासाठी. आणि एस-बँड हा तोच पट्टा, ज्यावर छोट्याशा यंत्रातून, मोठी तबकडी न लावता, हलत्या बोटीवरून उपग्रहाशी बोलता येते. करार मोडल्यावर त्यातला पहिला उपग्रह, जीसॅट-६, ऑगस्ट २०१५ मध्ये वर गेला. सहा मीटर व्यासाची, वर गेल्यावर छत्रीसारखी उघडणारी अँटेना त्याला होती.

म्हणजे ओखी आले तेव्हा हा उपग्रह वर जाऊन दोन वर्षे उलटून गेली होती! देवगडच्या बंदरावर ती पोरे माझा फोन मागत होती तेव्हा तो आमच्या डोक्यावर होता. त्याच्याशी बोलणारे यंत्र मात्र त्यांच्या बोटीवर नव्हते. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सरकारला जाब विचारायचा तो याचा. उपग्रह सरकारी होता, पैसा लोकांचा होता, आणि खाली यंत्र पोहोचवायला आणखी किती वर्षे गेली.

तरीही विकून टाका असे मी म्हणणार नाही. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कक्षेतले दहा दळणवळण उपग्रह या कंपनीच्या नावावर केले, अधिकृत भांडवल १ हजार कोटींवरून साडेसात हजार कोटींवर नेले. शेअर सगळे भारत सरकारचे, कारभार अंतराळ विभागाकडे, आणि तो विभाग थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. म्हणजे मालक आपण सगळे. आज आमचा खासदार लोकसभेत प्रश्न विचारू शकतो आणि सरकारला उत्तर द्यावे लागते. उद्या कंपनी खासगी झाली तर तिला डीटीएचवाला परवडेल, विमानातल्या प्रवाशाला इंटरनेट देणे परवडेल. ट्रान्सपाँडर तर मच्छीमाराला मोफत द्यायचा आहे. खासगी मालकाने त्यात पैसा का घालावा? तो घालणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

यंत्र काय करते तेही लिहिते, कारण आपल्या वाचकांना बहुधा माहीत नाही. ते बोटीवर बसते, तांडेलाच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्याच्या, मोबाइलला ब्लूटूथने जोडले जाते, आणि रेंज नसतानाही 'नभमित्र' ॲपवर छोटे संदेश येतात-जातात. वादळाचा इशारा आपल्या भाषेत मिळतो, मासळी कुठे मिळेल ते कळते, सागरी हद्द जवळ आली की सूचना मिळते. संकटात बटण दाबले की बोट कुठे आहे ते किनाऱ्यावर कळते. पालघर-डहाणूकडच्या खलाशांना पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा पकडून नेते, वर्षानुवर्षे कराचीच्या तुरुंगात राहावे लागते. त्यांच्या घरी जाऊन विचारा हद्दीच्या सूचनेची किंमत काय ते.

तेव्हा विनंती अशी. सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदरवार माहिती छापा. किती बोटींवर यंत्र बसले, किती चालू आहेत, बिघडले तर दुरुस्त कोण करतो. आपले बातमीदार जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, मत्स्य विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे आणि मच्छीमार सोसायट्यांच्या चेअरमनकडे एक फेरी मारली तर हे मिळेल. त्यावर अग्रलेख लिहा, मी कात्रण काढून सोसायटीच्या फळ्यावर लावीन.

आणि लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. आपल्या अंकात आतल्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या, त्या बंद झाल्या. त्या जागी आता राशिभविष्य दुप्पट मोठे येते. मोबाइलवर वेळा मिळतात हे मला माहीत आहे. पण माझ्या सासऱ्यांसारखी माणसे पेपरातच बघतात. खाडीतून होडी कधी काढायची, खडकावरची कालवे काढायला कधी उतरायचे, हे त्या दोन ओळींवर ठरते. जागा फार लागत नाही. त्या पुन्हा सुरू कराव्यात.

कळावे,
एका बोटमालकाची पत्नी, देवगड (जि. सिंधुदुर्ग)