चार चौकोनांच्या त्या कागदाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पाण्याच्या मीटरच्या नोंदींमधून शून्ये गाळणारा माझा पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला कोड दोन दिवस मला चकवत होता, तेव्हा आपण स्वतःचे काम बाजूला ठेवून माझ्याशेजारी येऊन बसलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपण कीबोर्डला हातही न लावता कागदावर चार चौकोन काढलेत, त्यांत ३, ०, ०, ५ असे आकडे लिहिलेत आणि पेन्सिलीचे टोक एकेका घरावरून पुढे नेलेत. दुसऱ्या घरातले शून्य खोडताच तिसऱ्यातले शून्य त्याच्या जागी सरकले; पेन्सिल मात्र तिसऱ्या घरात गेली, जिथे आता ५ येऊन बसले होते, आणि सरकलेले शून्य तपासणीतून निसटले. लिस्टवर, म्हणजे आकड्यांच्या अशा रांगेवर, फिरताना पायथन फक्त आपण कितव्या घरात आहोत एवढेच लक्षात ठेवतो आणि लिस्ट आखडली तरी चकार शब्द काढत नाही, हे मला त्या क्षणी डोळ्यांनी दिसले.

त्याच कागदावर आपण जावा ही दुसरी भाषाही समजावलीत. जावाची ॲरेलिस्ट (तिथली लिस्ट) स्वतःतल्या फेरबदलांची मोजणी ठेवते आणि पुढचा घटक मागताना ती जुळली नाही, तर कन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, फेकते. मात्र शेवटून दुसरा घटक काढला, तर लूप (घटक एकेक करून पाहणारे आवर्तन) गुपचूप संपतो, कारण पुढे काही उरले आहे का हे ती केवळ लांबीवरून ठरवते. ही मेख मला एरवी कधीच कळली नसती. रस्ट या भाषेत असा कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे चालवण्याआधीच नाकारला जातो, कारण लूप चालू असेपर्यंत व्हेक्टर (तिथली लिस्ट) त्याला उसना दिलेला असतो आणि उसन्या वस्तूत मध्येच बदल करू देणे कंपाइलरला मान्य नसते. पायथनवर माझा जीव असला, तरी या बाबतीत मला रस्टचेच वागणे अधिक प्रामाणिक वाटते.

घटक एकेक करून पुढे देण्याचे काम संग्रहाकडेच सोपवणारे इटरेटर १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी क्लू भाषेत आणले, हेही आपण आवर्जून सांगितलेत.

आता मी जुन्या लिस्टमधून काही काढत नाही; हव्या त्या नोंदींची नवी लिस्ट बनवतो. जावा ८ मधले रिमूव्ह-इफ आणि रस्टमधले रिटेन नको ते घटक त्याच लिस्टमधून नीट गाळतात, हे दोन्हींत लिहून पाहिले. आपला कागद समोर ठेवून जुना कोड तपासतो आहे. आतापर्यंत तीन लूपमध्ये तीच चूक सापडली आणि दुरुस्त झाली.

आपला कृतज्ञ,
एक कनिष्ठ सहकारी