विषय: प्रो मिनी किटमध्ये भलताच यूएसबी-टीटीएल अ‍ॅडॉप्टर, बदलून देण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेने आत्ताच माझी तक्रार निकाली काढली. प्रो मिनी (छोटा आर्डुइनो बोर्ड) किटमधला, संगणकावरून बोर्डवर प्रोग्राम टाकायचा अ‍ॅडॉप्टर अजून चालत नाही.

तुमच्या पानावर सीपी२१०२ चिपचा, डीटीआर पिन (अपलोडच्या वेळी बोर्ड आपोआप रीसेट करणारी) असलेला अ‍ॅडॉप्टर लिहिलाय. पाकिटातून निघाला पीएल२३०३ चिपचा, तीही जुन्या एचएक्सए प्रकारची किंवा त्याची नक्कल. विंडोज ११ ला लावला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टच्या (अ‍ॅडॉप्टरशी बोलायच्या पोर्टच्या) जागी ओळ येते: ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२. प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर.’ म्हणजे ही चिप २०१२ पासूनच बंद.

ही ओळ मी फोनवर वाचून दाखवली. उत्तर आलं, “विंडोज दाखवतंय ना, मग मायक्रोसॉफ्टला विचारा.” ओळ चिपच्या ड्रायव्हरची आहे, त्यात सप्लायरला विचारा म्हटलंय आणि सप्लायर तुम्ही आहात, असं सांगितलं. “सर, केबल बदलून बघा.” या अ‍ॅडॉप्टरला केबलच नाही, तो थेट पोर्टात बसतो. त्यावर, “मग कोणा जाणकाराला दाखवा, आमच्याकडून माल ओके गेलाय.” स्वतः विकलेली वस्तू डोळ्यांनी न पाहता ग्राहकाला अडाणी ठरवायचं, हा अपमान आहे.

चिप मेलेली नाही. उबंटूवर (लिनक्सवर) ती टीटीवाययूएसबी० या नावाचा पोर्ट म्हणून दिसते. टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची पिन) एकमेकींना जोडल्या की टाइप केलेलं परत येतं. नवा विंडोज ड्रायव्हरच तिला नाकारतो. ‘अपडेट ड्रायव्हर’मधून यादी उघडून जुना ३.३.११.१५२ निवडला की पोर्ट मिळतो, पण विंडोज अपडेट पुन्हा नवा ड्रायव्हर बसवतं. हा उपाय तुमच्याकडून कुणी सांगितला नाही, आणि सांगितला असता तरी पैसे सीपी२१०२ चे घेतलेत.

पोर्ट मिळूनही काम होत नाही. पिना पाचच आहेत, डीटीआर नाही. अपलोडच्या वेळी डीटीआर खाली गेली की ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून प्रो मिनीच्या रीसेटला झटका बसतो आणि बूटलोडर (नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम) सुरू होतो. डीटीआर नसेल तर ‘नॉट इन सिंक’ अशी एरर येऊन अपलोड अडतो. मग रीसेट बटण दाबून धरायचं आणि ‘अपलोडिंग’ दिसताच सोडायचं. क्षण चुकला की पुन्हा तेच. हे किट तुम्ही शाळकरी मुलांसाठी म्हणून विकता. आठवीतल्या मुलाला आपलीच जोडणी चुकली असं वाटेल, तो वायरी उलटसुलट करत बसेल आणि शेवटी किट कपाटात जाईल. मला याचाच जास्त राग आहे.

सीपी२१०२ चा, डीटीआरसह सहा पिनांचा अ‍ॅडॉप्टर पाठवा. जुना परत नेण्याचा खर्च तुमचा. पानावरचं वर्णन आजच दुरुस्त करा. आणि मला पुन्हा मायक्रोसॉफ्टकडे पाठवू नका. ठाण्यातल्या शाळांना मी आजवर तुमचीच किटं सुचवत आलो, यापुढे सुचवणार नाही.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथे दावा लावता येतो, त्यामुळे तुमचं कार्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. त्याआधी महापेच्या गोदामातलं याच लॉटचं एक पाकीट फोडा, विंडोज ११ च्या लॅपटॉपला लावा आणि काय दिसतं ते मला लेखी कळवा.

एक ग्राहक,
वागळे इस्टेट, ठाणे (पश्चिम)