तो सिनेमा गाडीचा नव्हे, आईबापांचा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत ‘बॅक टु द फ्यूचर’वरचा लेख वाचला. काल पुन्हा वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका हसऱ्या सिनेमाला तुम्ही पाऊण पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्या पाऊण पानात तो सिनेमा आहे कुठे?

लेखात मिरवलेली हवेत तरंगणारी फळी, आपोआप आवळल्या जाणाऱ्या नाड्यांचे बूट, २१ ऑक्टोबर २०१५ ही तारीख, यातलं काहीही १९८५च्या सिनेमात नाही. ते सगळं १९८९ साली आलेल्या दुसऱ्या भागातलं. पहिल्या भागात अगदी शेवटी गाडी उडते तेवढाच भविष्याचा संबंध. बाकी सगळा सिनेमा मागे जातो: नायक मार्टी कालयंत्र बनवलेल्या गाडीतून २६ ऑक्टोबर १९८५च्या रात्री निघतो आणि ५ नोव्हेंबर १९५५ला पोहोचतो. लेखकाने पहिला भाग पाहिला असता तर ही चूक झाली नसती. ‘स्पेशल इफेक्ट्ससाठी ऑस्कर’ हेही चुकीचं छापलं आहे. त्याला मिळालेलं एकमेव ऑस्कर ध्वनिपरिणामांच्या संकलनाचं. दृश्य परिणामांसाठी साधं नामांकनही नव्हतं. मूळ पटकथेसाठी मात्र होतं, आणि ते लेखात नाही!

माझं भांडण नेमकं याच्यावर आहे. कालप्रवासाला लागणारा ताशी ८८ मैलांचा वेग आणि १.२१ गिगावॉट वीज पोरासोरांनाही पाठ असते. पण सुरुवातीच्या खर्ड्यात ती डेलोरियन गाडी नव्हतीच, कालयंत्र म्हणून चक्क फ्रिज होता. म्हणजे यंत्र बदललं तरी चाललं. न बदलणारी गोष्ट एकच होती: सतरा वर्षांच्या मुलाला त्याच्याच वयाचे आईबाप भेटतात. पटकथाकार बॉब गेल यांना ही कल्पना सुचली ती वडिलांचं शाळेचं वार्षिक अंक-पुस्तक चाळताना. वडील वर्गाचे अध्यक्ष होते हे त्यांना तेव्हा कळलं, आणि आपण त्या वेळी तिथे असतो तर आपली यांच्याशी मैत्री झाली असती का, असा प्रश्न पडला. लेखात बॉब गेल यांचं नावही नाही.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते. सांगलीला आमच्या वाड्यात गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला होता. रात्री दोन हिंदी सिनेमे झाले, निम्मी मंडळी झोपली आणि शेवटी ही कॅसेट लागली. अण्णा, म्हणजे माझे वडील, खांबाला टेकून सुपारी कातरत बसले होते. त्यांना ते इंग्रजी समजेना, म्हणून मी शेजारी बसून वाक्यावाक्याला मराठीत सांगत होते. मार्टीचा बाप जॉर्ज शाळेच्या जेवणघरात एकटाच बसून वहीत काहीतरी लिहीत असतो. मार्टी विचारतो, तर तो म्हणतो, गोष्टी लिहितो, पण कुणाला दाखवत नाही. लोक म्हणाले चांगल्या नाहीत तर? मी हे सांगितलं आणि अण्णांचा अडकित्ता थांबला. “काय म्हणाला? परत सांग,” म्हणाले. मी परत सांगितलं. पुढे सिनेमाभर ते एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. तळाशी, सातबाराच्या उताऱ्यांखाली, एक वही होती. शाळेच्या गॅदरिंगसाठी लिहिलेली एकांकिका, निळ्या शाईत, कडा तांबूस पडलेल्या. शेवटच्या पानावर पात्रांची यादी होती. ‘पोस्टमन’पुढे अण्णांनी स्वतःचं नाव लिहून खोडलं होतं. मास्तरांना कधी दाखवलीच नाही म्हणाले. साल होतं १९५५, त्यांचं मॅट्रिकचं. वीस वर्षं मी त्या माणसाच्या घरात वाढले होते, आणि जिल्हा परिषदेतले कारकून यापलीकडे ते मला ठाऊक नव्हते. त्या सिनेमाने मला माझे वडील दाखवले. त्याला तुम्ही ‘भन्नाट गॅजेट्सची जंत्री’ म्हणता, याचा मला फार राग आला आहे.

आता विषय निघालाच आहे तर आणखी एक. गेल्या वर्षी एका मल्टिप्लेक्समध्ये या सिनेमाचा खेळ होता, म्हणून अण्णांना हाताला धरून घेऊन गेले. त्यांचं वय शहाऐंशी, पायऱ्या चढायलाच दहा मिनिटं लागली. सिनेमा ११६ मिनिटांचा, बनवणाऱ्यांनी त्यात मध्यंतर ठेवलेलं नाही. जॉर्ज सगळं धैर्य गोळा करून लॉरेनच्या, म्हणजे मार्टीच्या होणाऱ्या आईच्या, टेबलापाशी जातो, वही उघडतो, बोलायला तोंड उघडतो, आणि फाडकन दिवे! पडद्यावर पॉपकॉर्नची जाहिरात. सिनेमा संपला असं वाटून अण्णा उठून उभे राहिले, चपला शोधू लागले. पुन्हा सुरू झाला तेव्हा ते वाक्य होऊनही गेलं होतं. व्यवस्थापकाला विचारलं तर म्हणाला, मशीन बरोबर मध्यावर थांबवतं. मशीनला कळत नसेल, पण ते लावणाऱ्या माणसाने एकदा सिनेमा बघायला काय हरकत आहे? परदेशी सिनेमांचे असे तुकडे आपल्याकडे रोज पडतात. त्यावर तुमच्या पुरवणीत कधी दोन ओळी आलेल्या मला आठवत नाहीत.

दोन्ही चुकांची दुरुस्ती येत्या रविवारी, त्याच पानावर, वाचता येईल अशा टायपात छापावी ही विनंती. अण्णांना आता बारीक अक्षर दिसत नाही, पेपर मीच वाचून दाखवते. लेख संपल्यावर त्यांनी विचारलं, “आणि तो वहीवाला पोरगा? त्याचं काही लिहिलं नाही?”

आपली,
एक जुनी वाचक, सांगली