विषय : सुगम्यतेचे शंभर गुण मिळूनही वाचता न येणारे पाठ्यसाहित्य

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या मदत कक्षाशी माझे पाचवे संभाषण अर्ध्या तासापूर्वी संपले आणि फोन ठेवतो न ठेवतो तोच माझी तक्रार ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केल्याचा संदेश आला. कशाचे निराकरण झाले हे मला अद्याप कळलेले नाही.

मी पूर्ण अंध असून पदव्युत्तर वर्गात संख्याशास्त्र शिकते आणि स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचते. आमच्या विद्यापीठाचे सर्व पाठ्यसाहित्य आपल्याच प्रणालीवरून मिळते. तिसऱ्या घटकाची पीडीएफ प्रथम उघडली तेव्हा स्क्रीन रीडर ‘रिकामा दस्तऐवज’ एवढेच बोलला, कारण ती पानांची नुसती छायाचित्रे होती. तक्रार केल्यावर आपण तिच्यावर ओसीआर (छायाचित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे तंत्र) चालवले, प्रत्येक आकृतीला पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचे वर्णन, म्हणून ‘चित्र’ हा एकच शब्द चिकटवला आणि फाइलपुढे सुगम्यतेचे शंभरपैकी शंभर गुण व हिरवी खूण झळकवली.

आता ती फाइल बोलते. काय बोलते ते ऐका. पान दोन स्तंभांचे असल्याने डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ जोडून एक वाक्य होते. कोष्टकाला ओळी-रकाने सांगणारे टॅग (फाइलमधल्या अदृश्य खुणा) नसल्याने चाळीस आकडे एका दमात येतात आणि कोणता आकडा कोणत्या रकान्यातला हे ज्याने त्याने ठरवायचे. विचलनांच्या वर्गांची बेरीज हे सूत्र मला ‘ई एक्स उणे एक्स दोन’ असे ऐकू येते. बेरजेचे चिन्ह असलेल्या सिग्माचा ई झाला, कंस गळाले, वर्गाचा घातांक खाली उतरून साधा दोन झाला आणि सरासरी दाखवणारी एक्सच्या डोक्यावरची आडवी रेघ नाहीशी झाली. एक्समधून एक्स वजा केला की शून्य उरते, म्हणजे आपल्या प्रणालीपुरते तरी जगात कोणतीच गोष्ट सरासरीपासून ढळत नाही. हेच सूत्र मॅथएमएलमध्ये, म्हणजे गणिती सूत्रे संगणकाला कळतील अशी लिहिण्याच्या पद्धतीत, लिहिले असते तर स्क्रीन रीडरला ते रेघेसकट वाचता आले असते. ही पद्धत १९९८ पासून प्रमाण म्हणून उपलब्ध आहे आणि ती आपल्या अभियंत्यांना मी समजावून सांगावी अशी माझी अपेक्षा नाही.

आजच्या संभाषणाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. आपल्या प्रतिनिधीने पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते का?” मी अंध असल्याचे सुरुवातीलाच सांगितले होते, पुन्हा सांगितले. थोडी शांतता पसरली, कळफलकाचा आवाज आला आणि प्रश्न आला, “बरं, मग खुणेचा रंग हिरवा आहे की पिवळा?” मी तिसऱ्यांदा सांगितले. त्यावर, “घरात दुसरं कोणी आहे का? त्यांना जरा बघायला सांगा ना.” घरात कोणी नव्हते, आणि असते तरी माझे पुस्तक मला वाचता येते की नाही याची साक्ष त्यांनी का द्यावी? मग प्रतिनिधीने स्क्रीनशॉट मागितला. बिघाड ऐकू येणारा आहे, ध्वनिमुद्रण पाठवते, असे मी म्हटले, तर “ऑडिओ आमच्या फॉर्ममध्ये घेत नाही, मॅडम.” शेवटी निकाल मिळाला : “आमच्याकडे शंभर दाखवतंय, म्हणजे फाइल बरोबर आहे. तुमच्या सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल.” ते गृहस्थ अखेरपर्यंत सौजन्याने बोलले हे नमूद करते. दोष त्यांच्या हाती प्रश्नांची ती यादी देणाऱ्यांचा आहे.

ज्या फॉर्ममध्ये ऑडिओ चालत नाही, तो पाठवण्यापूर्वी चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखावी लागतात आणि ती ऐकण्याची सोय नाही. अंधत्वाविषयीची तक्रार डोळसांनीच करावी, अशी आपली योजना असावी. मला त्यासाठी मैत्रिणीला बोलवावे लागले.

तिसऱ्या संभाषणात, फाइलला कुलूप आहे आणि कॉपीराइटमुळे ते काढता येत नाही, असे उत्तर मिळाले होते. पीडीएफमध्ये मजकूर कॉपी करण्याची मनाई आणि स्क्रीन रीडरला वाचण्याची मुभा या दोन वेगळ्या कळी आहेत. एक बंद ठेवून दुसरी चालू ठेवता येते. शिवाय दृष्टिबाधितांसाठी सुगम प्रती करता याव्यात म्हणूनच २०१३ चा माराकेश करार झाला आणि तो २०१६ पासून लागू आहे. अडचण खरोखर कॉपीराइटची असती, तर त्याच फाइलवर ओसीआर तरी कसे चालवले?

पुन्हा सांगते, माझी मुख्य तक्रार त्या हिरव्या खुणेविषयी आहे. पर्यायी मजकूर आहे की नाही एवढे यंत्र तपासते. ‘चित्र’ या शब्दावरून आलेख कळतो का, हे माणसालाच तपासावे लागते. आपल्या माहितीपत्रकात डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची एए पातळी गाठल्याचा दावा आहे. वाचनाचा क्रम अर्थपूर्ण असावा, ही अट तर त्यातल्या सर्वांत खालच्या, ए पातळीची आहे. खूण नसती तर प्राध्यापकांनी फाइल दुरुस्त करून घेतली असती. खूण पाहून ते निर्धास्त झाले आणि मी विनाकारण रडगाणे गाते असा त्यांचा समज झाला. हे मला सर्वांत अधिक लागले.

परीक्षा एकोणीस दिवसांवर आहे. सात दिवसांत तिसऱ्या व चौथ्या घटकांच्या फाइली योग्य क्रम, टॅग केलेली कोष्टके, वाचता येणारी सूत्रे आणि आकृत्यांची खरी वर्णने यांसह मिळाव्यात, आणि त्या पाठवण्यापूर्वी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीने ऐकलेल्या असाव्यात. तोपर्यंत त्यांच्यापुढची हिरवी खूण काढावी. तसे न झाल्यास आपल्या कराराच्या नूतनीकरणाचा विचार करणाऱ्या विद्यापीठ समितीपुढे मी हे पत्र ठेवीन आणि ‘ई एक्स उणे एक्स दोन’ त्यांनाही ऐकवीन. दोन वर्षांपूर्वी ही प्रणाली घ्यावी म्हणून याच समितीला विद्यार्थ्यांच्या वतीने मीच पत्र लिहिले होते, याची आता लाज वाटते.

आपली,
एक विद्यार्थिनी

सोबत : एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण. स्क्रीनशॉट जोडलेला नाही.